गुड फ्रायडेला नेमकं काय बंद असतं?

नवं कॅलेण्डर भिंतीवर चढलं की आपण सगळ्यात आधी काय बघतो? खरं सांगा हं. एकादशी नाही, संकष्टी नाही, राशिभविष्य तर नाहीच. आपण बघतो लाल आकडे! कुठली सुट्टी रविवारी पडून फुकट गेली, कुठल्या सुट्टीला एक रजा जोडली की चार दिवस सुटतात, हा हिशेब ऑफिसात प्रत्येकाला तोंडपाठ असतो. अप्रायझलचा फॉर्म भरताना जी एकाग्रता दिसत नाही, ती इथं दिसते.

या हिशेबात एक सुट्टी मात्र कधीच दगा देत नाही. नावातच वार घेऊन येते बिचारी. गुड फ्रायडे! शनिवार-रविवार मोकळा असणाऱ्यांना तीन दिवस पक्के. २०१८ साली तर तिच्या आदल्याच दिवशी, गुरुवारी, महावीर जयंती आली होती. मार्च-एण्डच्या ऐन धबडग्यात सलग चार दिवस! शेअर बाजार बंद आणि अख्खी मुंबई रस्त्यावर.

तो रस्ता कुठून जातो ते मला विचारा. मी मूळची पेणची. अलिबाग, काशीद, मुरूड, कुठंही जायचं असलं तरी मुंबईकराची गाडी आधी पेणला येते, मग वडखळला अडकते आणि मग पुढं सरकते. मांडव्याची रो-रो २०२० मध्ये सुरू झाली, जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू आला, तरी लाँग वीकेण्डला आमच्याकडचा हॉर्नचा आवाज काही कमी झालेला नाही. २०२५ मध्ये गुड फ्रायडे १८ एप्रिलला होता. सकाळी आईचा फोन. ‘‘अगं, हायवेला गाड्याच गाड्या लागल्यात. आज काय आहे?’’

‘‘गुड फ्रायडे.’’

‘‘म्हणजे येशूला सुळावर चढवलं तो दिवस ना? मग एवढे नटूनथटून कुठं निघालेत सगळे?’’

आईचा प्रश्न अगदी साधा होता. पण नटूनथटून निघालेल्यांपैकी किती जणांना तो पडला असेल? त्याच सकाळी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर तीन जणांनी ‘हॅप्पी गुड फ्रायडे’ टाकलं होतं. एकाच्या मेसेजमध्ये फुगेसुद्धा होते. मरणाच्या दिवशी फुगे! बरं, त्यात कुणाचाही वाईट हेतू नव्हता. नावात ‘गुड’ आहे म्हटल्यावर माणूस ‘हॅप्पी’ म्हणणारच. इंग्रजीतल्या त्या जुन्या ‘गुड’चा अर्थ ‘पवित्र’ असा होता, हे शाळेत आपल्याला कुणी सांगितलं नाही. आपल्या मराठी ख्रिस्ती मंडळींनी ‘शुभ शुक्रवार’ किंवा ‘उत्तम शुक्रवार’ असे शब्द घेतले. त्यानं गोंधळ आणखी वाढला, तो भाग वेगळा.

त्याच ग्रुपवर माझी एक मैत्रीण आहे. वसईची. पक्की कुपारी, म्हणजे बोलायला लागली की आपलं मराठी तिच्यापुढं फिकं वाटतं. दर डिसेंबरला तिच्या टेबलाभोवती गर्दी असते. ‘‘केक आणलास का?’’, ‘‘यंदा गोठा केवढा केलाय गं?’’, ‘‘आम्ही संध्याकाळी येतोय हं घरी!’’ ती हसून सगळ्यांना डबा पुरवते. सीक्रेट सांताची चिठ्ठी काढायला तिलाच पुढं करतात. तिच्या धर्माचा सण म्हणजे तीच यजमान, असा सगळ्यांचा गोड समज.

पण त्या शुक्रवारी वेगळंच झालं. आमचं काम अमेरिकेतल्या क्लायंटचं. गंमत बघा, आपल्या भारतात गुड फ्रायडे सरकारी सुट्टी आहे आणि अमेरिकेत, इतक्या ख्रिश्चनांच्या देशात, तो केंद्र सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीतच नाही. त्यांचा शेअर बाजार बंद असतो, पण सरकारी कचेऱ्या चालू आणि आमचा क्लायंटही चालू. तेव्हा टीममधल्या निम्म्या लोकांनी यायचं ठरलं. हिनं सुट्टी मागितली. मॅनेजर म्हणाले, ‘‘ख्रिसमसला घे ना. तेव्हा कोणी अडवणार नाही. गुड फ्रायडेला काय असतं?’’

ती म्हणाली, ‘‘सर, काहीच नसतं. तेच तर असतं.’’

त्यांना वाटलं ती विनोद करतेय. मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग जेवणाच्या सुट्टीत तिनं नीट सांगितलं. वर्षभरात एवढा एकच दिवस असा की जगातल्या कुठल्याही कॅथलिक चर्चमध्ये मिस्सा होत नाही. वेदीवरचं कापड काढून ठेवतात. फुलं नाहीत, मेणबत्त्या नाहीत, घंटा मुक्या. दुपारी तीनच्या सुमारास लोक जमतात, कारण येशूनं प्राण सोडला ती वेळ तीच असं शुभवर्तमान सांगतं. मरणकथेचं वाचन होतं, लोक रांगेनं जाऊन क्रूसाला वंदन करतात आणि न बोलता घरी जातात. समारोपाचं गाणंबिणं काही नाही. दिवसभरात एकदाच पोटभर जेवायचं, मांस वर्ज्य. त्याच्या आधी राखेच्या बुधवारापासून उपवासकाळ चाललेला असतो, रविवार वगळून मोजले तर चाळीस दिवस. पुष्कळ घरांत तेवढ्या दिवसांत मटण-चिकन बंद, दारू बंद, लग्नकार्यही नाही.

‘‘ख्रिसमसला सगळे येतात ते मला आवडतं गं,’’ ती म्हणाली. ‘‘या ना, केक खा. गुड फ्रायडेला कोणी यावं असं माझं म्हणणंच नाही. फक्त मला तेवढं सोडा.’’

शेवटी तिला दोन तास मिळाले. फोन चालू ठेवायच्या अटीवर! जिथं त्या दिवशी घंटासुद्धा वाजवत नाहीत, तिथं ही बाई मांडीवर व्हायब्रेट होणारा मोबाइल घेऊन बसली.

तेव्हापासून हा विषय माझ्या डोक्यात आहे. नाताळ आपण सगळ्यांनी आपला केला आणि गुड फ्रायडे मात्र नुसता लाँग वीकेण्ड करून टाकला. असं का झालं असेल?

लगेच मिळणारं उत्तर म्हणजे ‘बाजारानं वाट लावली’. सणाचा धंदा झाला, मॉलनं येशूला हाकलून सांता बसवला वगैरे. हे खोटं नाही. आजचा नाताळ बराचसा एकोणिसाव्या शतकात घडलेला आहे. पहिलं छापील विक्रीचं ख्रिसमस कार्ड लंडनमध्ये १८४३ साली निघालं. डिकन्सची ती सुप्रसिद्ध ख्रिसमसची गोष्टही त्याच वर्षी आली. सांताक्लॉजच्या मुळाशी आजच्या तुर्कस्तानातल्या मायरा गावचे बिशप संत निकोलस आहेत. त्यांचा खरा सण ६ डिसेंबरला! त्यांना आज आपण ज्या गुबगुबीत रूपात ओळखतो, ते घराघरांत पोचवण्यात १९३१ पासूनच्या कोकाकोलाच्या जाहिरातींचा हात मोठा. जपानमध्ये तर १९७४ पासून केएफसीनं अशी काही जाहिरात चालवली की तिथं नाताळ म्हणजे तळलेल्या चिकनची बादली. ख्रिस्ती माणसं तिथं शंभरात जेमतेम एक.

पण गंमत अशी की नाताळवर बंदी घालणारे कोण होते? कट्टर ख्रिस्तीच! इंग्लंडमध्ये प्युरिटनांचं वर्चस्व होतं तेव्हा, १६४७ साली, पार्लमेंटनं नाताळ आणि ईस्टर दोन्ही सण रद्द केले. खाणंपिणं, नाचगाणं फार होतं आणि बायबलमध्ये तारखेचा पत्ताच नाही, असं त्यांचं म्हणणं. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये १६५९ ते १६८१ या काळात नाताळ साजरा केला तर पाच शिलिंग दंड होता. स्कॉटलंडमध्ये २५ डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी थेट १९५८ मध्ये सुरू झाली. म्हणजे ‘पूर्वी सगळं पवित्र होतं आणि आपल्या काळात बिघडलं’ ही गोष्ट काही जमत नाही. मौज आणि भक्ती यांचं भांडण या सणात जुनंच आहे.

आणि बाजारावर सगळं बिल फाडायचं तर मग आमच्या पेणचं काय करायचं?

पेणला आणि आजूबाजूच्या हमरापूर, जोहे या गावांत गणपतीचे कारखाने आहेत. हो, आम्ही ‘कारखाने’च म्हणतो. वर्षभर काम चालतं आणि लाखो मूर्ती बाहेर पडतात. परदेशी जाणाऱ्या मूर्ती महिनोन् महिने आधी कंटेनरमध्ये बसून बोटीनं रवाना होतात. भाषा ऐकाल तर अगदी धंद्याची. ‘किती नग पाठवायचे?’, ‘दोन फुटीचा रेट काय?’, ‘आखणी राहिल्येय, डोळे झाले की उचला.’ प्लास्टिकच्या पिशव्या घातलेले शेकडो बाप्पा मांडणीवर ओळीनं बसलेले असतात आणि गिऱ्हाईक खुशाल घासाघीस करत असतं. लहानपणी मला त्यात काहीच वावगं वाटलं नाही, आजही वाटत नाही. कारण तिथं प्रत्येकाला ठाऊक असतं की हा अजून माल आहे. चतुर्थीला घरी पाटावर बसवून प्राणप्रतिष्ठा झाली की मग तो देव. त्यानंतर कोणी त्याचा रेट काढत नाही.

एवढा मोठा बाजार असूनही गणपती काही ‘नुसता इव्हेण्ट’ झालेला नाही, निदान घरचा तरी नाही. का? कारण तो माणसाकडून काहीतरी घेतो. त्या दिवसांत घरात मासळी शिजत नाही. आणि कोकणातल्या माणसासाठी ती केवढी मोठी गोष्ट आहे हे वेगळं सांगायला नको! चाकरमानी रजा टाकतो, नाही मिळाली तर भांडतो, उभ्यानं प्रवास करतो, पण घरी पोचतो. ‘गणपतीला गावी जातोय’ म्हटल्यावर कुठलाही मराठी मॅनेजर ‘तेव्हा काय असतं?’ असं विचारत नाही.

बरं, बाजार नाही तर सरकार? सण सरकारी झाला की त्यातला देव जातो, असंही म्हणतात. त्यासाठी जरा रोह्याला चला. माझी मावशी तिथली. रोह्याचं ग्रामदैवत धावीर महाराज. दसऱ्याच्या सुमारास त्यांची पालखी निघते आणि तिला पोलिसांची सशस्त्र सलामी मिळते. ब्रिटिशांच्या काळापासूनची ही प्रथा. वर्दीतले पोलीस, बंदुका, सगळं रीतसर. मग पालखी गावभर घरोघरी फिरते. धाटावच्या एमआयडीसीत शिफ्ट करणारी माणसं त्या दिवसासाठी महिनाभर आधी ड्यूटी बदलून ठेवतात. मावशी तर पालखी दारात येईपर्यंत डोळ्याला डोळा लागू देत नाही. ‘‘सलामी सरकारची, जागरण आपलं,’’ म्हणते. सरकारनं मान दिला म्हणून तिचं जागरण काही कमी झालं नाही.

उलटा प्रकार अमेरिकेत झाला. ऱ्होड आयलण्ड राज्यातल्या पॉटकेट शहरात नगरपालिका दर नाताळला बाजारपेठेजवळच्या बागेत देखावा मांडायची. त्यात सांताचं घर, रेनडिअर, झाड आणि येशूजन्माचा गोठा. सरकारी पैशानं धार्मिक देखावा कशाला, म्हणून खटला झाला. तो थेट सुप्रीम कोर्टात गेला आणि १९८४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी नगरपालिका जिंकली. कशाच्या जोरावर? तर गोठ्याभोवती सांता आणि रेनडिअर आहेत, तेव्हा एकूण देखावा सुट्टीच्या मोसमाचा आहे, असं पाहता येतं म्हणून. विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी नेमकं दुखणं सांगितलं. त्यांचा मुद्दा असा की शहराला विजय मिळाला खरा, पण त्यासाठी गोठ्याचा अर्थच गमवावा लागला. सणाची जागा राखायची म्हणून सण ‘फार धार्मिक नाही हो’ असं कोर्टात सांगावं लागलं!

मला वाटतं, खरी गोम इथं आहे. कुठल्याही सणात दोन प्रकारच्या गोष्टी असतात. काही आपण त्या दिवशी जास्तीच्या करतो, म्हणजे दिवे, केक, कपडे, भेटी. आणि काही त्या दिवशी बंद ठेवतो. जास्तीच्या गोष्टी कुणालाही देता येतात, विकता येतात, ऑफिसात मांडता येतात. बंद ठेवलेल्या गोष्टी विकता येत नाहीत. ‘उपवासावर चाळीस टक्के सूट’ असा बोर्ड कुठला मॉल लावणार? नाताळात देण्याघेण्यासारखं खूप आहे, म्हणून तो जगभर पसरला. गुड फ्रायडेकडं विकण्यासारखं काहीच नाही. म्हणून त्याची नुसती सुट्टी उरली. आणि नाताळाचंसुद्धा जे पसरलं ते फक्त जास्तीचं. त्याच्या आधीचे आगमनकाळाचे चार रविवार, ती थांबून वाट बघण्याची रीत, ती चर्चमध्येच राहिली. मॉलमधला नाताळ २५ डिसेंबरला संपतो, चर्चमधला त्या दिवशी सुरू होतो.

आता तुम्ही म्हणाल, बंद ठेवण्यात एवढी ताकद असते का? तर त्याचा पुरावा आमच्या रायगडातच आहे.

पेणकर, रोहेकर, दिवेकर, केहिमकर, नवगावकर. ही आडनावं ऐकून कोण डोळ्यांसमोर येतं? सगळी आमच्या भागातल्या गावांवरून पडलेली आणि बेने इस्राएल ज्यूंमध्ये सापडणारी. नवगावच्या किनाऱ्याजवळ गलबत फुटून जी काही माणसं वाचली, त्यांचे हे वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. पुस्तकं बुडाली, हिब्रू विसरली, बोली मराठी झाली, साडी-चोळी आली. तेल गाळण्याचा धंदा करायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावानं नाव ठेवलं ‘शनवार तेली’. शनिवारच का, हे गावाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनाही धड सांगता आलं नसतं.

त्यांच्या सणांची नावं तर ऐका. ‘खिरीचा सण’ आहे, ‘नव्याचा सण’ आहे. आणि ‘दारफाळणीचा सण’, म्हणजे दारं लावून घेण्याचा. त्या दिवशी पांढरे कपडे घालायचे, कडक उपवास धरायचा, घराबाहेर पडायचं नाही, कुणाला शिवायचं नाही. हा ज्यूंचा सर्वांत मोठा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर. वसंतात ‘अनाशी ढाकाचा सण’. अनास म्हणजे आंबट पाण्याचा रांजण. तो आठ दिवस झाकून ठेवायचा. हा पेसाह, वल्हांडण सण. आंबवलेलं काही चालत नाही, एवढंच त्यातलं हातात उरलं होतं. मिसरमधल्या गुलामगिरीची गोष्ट, मोझेस, समुद्र दुभंगणं, सगळं विस्मरणात. पण रांजणावरचं झाकण पक्कं! हाईम सॅम्युअल केहिमकरांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हे सगळं लिहून ठेवलं. ते पुस्तक १९३७ साली छापून आलं.

पुढं बाहेरून ज्यू धर्म जाणणारी माणसं आली. दावीद राहाबी या शिक्षकाचं नाव त्यांच्या परंपरेत आदरानं घेतात. बायकांनी खवले-पर असलेली मासळी वेगळी काढली, त्यावरून त्यानं आपली माणसं ओळखली, अशी आख्यायिका आहे. मुंबईतलं त्यांचं पहिलं सिनेगॉग १७९६ सालचं. हिब्रू शिकवण्यात तर ख्रिस्ती मिशनऱ्यांचाही हातभार. ज्यांच्या नावानं विल्सन कॉलेज आहे ते जॉन विल्सन त्यातले एक. मिशनऱ्यांनी मराठीतून बायबल दिलं आणि यांनी त्यात आपल्याच सणांची कारणं वाचली. ‘अरे, झाकण यासाठी होतं होय!’ गोष्ट परत मिळाली, कारण ती ठेवायला जागा रिकामी राखलेली होती. १९४८ नंतर बहुतेक मंडळी इस्राएलला गेली. अलिबागची इस्राएल आळी, रेवदंड्याचं आणि पेणचं सिनेगॉग अजून आमच्याकडं आहे.

आणि आता गंमत ऐका. गुड फ्रायडेची तारीख दर वर्षी का हलते? कारण ईस्टर वसंतातल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी येतो आणि त्या पौर्णिमेचं नातं थेट वल्हांडण सणाशी आहे. येशूचं शेवटचं भोजन वल्हांडणाच्याच दिवसांतलं. म्हणजे आमच्याकडं रांजण झाकणारे ज्यू आणि वेदी उघडी करणारे ख्रिस्ती, दोघं एकाच चंद्राकडं बघून सण पाळतात. गाडीतले आपण मात्र हॉटेलचा चेक-इन टाइम बघत असतो!

हे दुसरं चित्र बघायला फार लांब जावं लागत नाही. रोह्यावरून वाहत आलेली कुंडलिका रेवदंड्याजवळ समुद्राला मिळते. खाडीवरचा पूल ओलांडला की काशीदच्या वाटेवर कोर्लई लागतं. वर पोर्तुगीज किल्ला, खाली वस्ती, माउंट कार्मेलचं चर्च. पोर्तुगीज १७४० मध्ये चौल-रेवदंडा मराठ्यांच्या हाती सोडून गेले, तरी इथली साधारण हजारभर ख्रिस्ती माणसं अजून घरात पोर्तुगीजवरून घडलेली आपली वेगळी बोली बोलतात. ‘नौ लिंग’ म्हणतात तिला, म्हणजे आपली भाषा. तसं बघितलं तर आपल्या तोंडातला ‘नाताळ’ हा शब्दही पोर्तुगीजच. गुड फ्रायडेच्या दुपारी ही माणसं मुक्या चर्चमध्ये बसलेली असतात आणि समोरच्या अरुंद रस्त्यावरून म्युझिक सिस्टीम फुल्ल ठेवून आपण त्यांच्याच सुट्टीवर मजा करायला काशीदला निघालेलो असतो.

काशीदला जाऊ नका असं मी म्हणत नाहीये. जरूर जा. सुट्टी सगळ्यांची आहे आणि एका धर्माच्या सुट्टीचा दुसऱ्यांनी चांगला उपयोग करणं हे आपल्याकडं जुनंच आहे. काँग्रेसचं पहिलं अधिवेशन २८ डिसेंबर १८८५ ला मुंबईत भरलं आणि पुढंही कितीतरी अधिवेशनं नाताळच्या आठवड्यात झाली, कारण वकील मंडळींना कोर्टाची सुट्टी सोयीची. आमच्याच जिल्ह्यात महाडला २५ डिसेंबर १९२७ या दिवशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मनुस्मृतीचं दहन झालं. त्या तारखेला तिथं दर वर्षी लोक जमतात आणि ते सांतासाठी नसतात. २०१४ पासून सरकार हाच दिवस अटलबिहारी वाजपेयींच्या जयंतीनिमित्त सुशासन दिन म्हणून पाळतं. एका लाल आकड्यावर किती जणांचा हक्क असू शकतो बघा. त्यानं येशूजन्माचं काही बिघडलं नाही.

बिघडतं ते शेजारच्याला त्याचा दिवस पाळताच येत नाही तेव्हा. माझ्या मैत्रिणीच्या श्रद्धेला ना सीक्रेट सांताचा त्रास झाला, ना दुकानातल्या प्लम केकचा. मांडीवरच्या मोबाइलचा झाला. आणि तो मोबाइल आपल्या सगळ्यांच्याच मांडीवर आहे. लक्ष्मीपूजनाला आरती चालू असताना कॉल घेणारे किती जण आहेत हात वर करा! आपल्या पिढीचे सण कोणी पळवून नेलेले नाहीत. त्या दिवशी बंद काय ठेवायचं, हे ठरवायचं तेवढं आपण सोडून दिलंय.

आमच्या टीमनं यावर एक छोटासा उपाय काढलाय. सोप्पा आहे, तुम्हीही करून बघा. वर्षाच्या सुरुवातीला प्रत्येकानं एक तारीख द्यायची. त्या दिवशी त्याला फोन नाही, मेल नाही, ‘फक्त दोन मिनिटं’ नाही. कारण विचारायचं नाही. आस्तिक-नास्तिक कुणीही, कुठलीही तारीख.

यादी आली तेव्हा मजा वाटली. वसईकरीणबाईंनी अर्थातच गुड फ्रायडे घेतला, २०२६ चा, ३ एप्रिल. नाताळ त्यांनी घेतलाच नाही, ‘‘तेव्हा तुम्ही सगळे येणारच आहात’’ म्हणाल्या. महाडच्या पोरानं २५ डिसेंबर मागितला. टीममधल्या एकीनं मुहर्रमची दहावी तारीख लिहिली आणि पुढं कंसात ‘चंद्र दिसेल तसं’. एकानं मुलीचा वाढदिवस लिहिला. मी भाद्रपदातली चतुर्थी धरली, पेणच्या मुलीनं आणखी काय धरायचं?

मॅनेजरसाहेबांचा रकाना दोन आठवडे रिकामा होता. मागच्या सोमवारी त्यांनी हळूच विचारलं, ‘‘आषाढी एकादशी चालेल का? आमच्या आजीचा फार कडक उपवास असायचा त्या दिवशी.’’

चालेल की, सर. फोन मात्र बंद ठेवायचा!